क्लिपमधल्या मौलानांना अम्मीची शुगर माहीत नाही

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

"आपा, सलाम. मी २८ वर्षांची आहे, नोकरी करते. अम्मी ६१ ची आहे, १४ वर्षांपासून डायबेटिस, आता इन्सुलिनवर आहे. गेल्या रमझानमध्ये नवव्या रोज्याला दुपारी तिची शुगर इतकी खाली गेली की ती बेशुद्ध पडली, दोन दिवस ॲडमिट होती. डॉक्टर म्हणाले यापुढे रोजे नकोत. मशिदीतले इमाम साहेब पण हेच म्हणाले. पण माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, तो दोन वर्षांपासून एका ऑनलाइन वक्त्याचे व्हिडिओ बघतो, त्याने अम्मीला एक क्लिप दाखवली ज्यात ते म्हणतात की आजाराचं निमित्त करून रोजे सोडणारे ईमानाचे कच्चे. भाऊ म्हणतो आपले इमाम साहेब कमिटीच्या पगारावरचे आहेत, ते सगळ्यांना बरं वाटेल असंच बोलणार. अम्मी आता म्हणते यंदा सगळे रोजे ठेवणार. अब्बा म्हणतात मौलाना लोकांच्या गोष्टीत आपण बोलू नये. मला इतका राग येतो आपा. आपल्यात तर कोणी मध्यस्थ नसतो ना, मग अल्लाह आणि माझ्या अम्मीच्या मध्ये हे लोक आले कुठून? डॉक्टर आहेत, कुरआनचं भाषांतर घरात आहे, मग उलेमांची (दीन शिकलेल्या विद्वानांची) गरज तरी काय उरलीय? आणि असेल तर ऐकायचं कुणाचं?"

वालेकुम सलाम बेटा.

तुझं पत्र वाचून मी आधी कॅलेंडर बघितलं, रमझानला किती दिवस उरलेत ते, कारण तुझ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर थांबू शकतं पण अम्मीचं थांबू शकत नाही. म्हणून आधी अम्मीबद्दल बोलते.

कुरआनातल्या सूरह बकराची १८४ आणि १८५ वी आयत काढ, घरात भाषांतर आहे म्हणालीस ना, अम्मीच्या शेजारी बसून वाच. जिथे रोजे फर्ज (सक्तीचे) झाल्याचं सांगितलंय तिथेच, लगेच, आजारी माणसाची आणि प्रवाशाची सूट पण सांगितलीय. म्हणजे ही सूट नंतर कुणा नरम मौलानांनी दयेपोटी काढलेली पळवाट नाहीये, हुकूम आला तेव्हा त्याच्या पोटातच ती आली. आणि १८५ मध्ये पुढे अल्लाह स्वतः म्हणतो की त्याला तुमच्यासाठी सोपं करायचंय, अवघड करायचं नाहीये. आता हे ज्याला कच्चं ईमान वाटतं त्याने आधी त्या आयतीचं काय करायचं ते सांगावं.

अम्मीला अजून एक गोष्ट सांग, मला वाटतं तिला यानेच जास्त धीर येईल. हजरत अनस (र.) प्रेषितांच्या (स.) सेवेत दहा वर्षं होते, लहान असल्यापासून. बुखारीच्या हदीस संग्रहात नोंद आहे की ते खूप म्हातारे झाल्यावर त्यांना रोजे झेपेनात, तेव्हा एक-दोन वर्षं त्यांनी रोज एका गरिबाला जेवू घातलं आणि रोजा ठेवला नाही. ज्यांनी प्रेषितांच्या घरात वावरून दीन शिकला त्यांच्या ईमानाला कच्चं कोण म्हणेल? यालाच आपण फिदया म्हणतो. आजार बरा होण्यासारखा असेल तर राहिलेले रोजे नंतर कजा म्हणून ठेवायचे, बरा होण्यासारखा नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचं जेवण. अम्मीला यातलं काय लागू होतं आणि फिदया नक्की किती, ते मुफ्ती साहेबांनाच विचार, मी सांगणार नाही, का ते पुढे येईलच.

आणि हे फक्त तुमच्याच घरात होतंय असं समजू नकोस. २००१ साली १३ देशांमध्ये डायबेटिस असलेल्या १२ हजारांहून जास्त मुस्लिमांचा एक मोठा अभ्यास झाला होता, एपिडियार नावाचा, त्यात दिसलं की टाइप २ वाल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी रमझानमध्ये निदान १५ दिवस तरी रोजे ठेवले होते, आणि त्यांच्यात शुगर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण बाकीच्या महिन्यांच्या साडेसात पट झालं होतं. साडेसात पट! ह्या आकड्यांमुळे पुढे डॉक्टर आणि उलेमा एकत्र बसले. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने एक मार्गदर्शिका काढली (२०२१ ला ती नवीन केली), त्यात पेशंटचे धोक्याप्रमाणे गट पाडलेत, कुणी रोजा ठेवूच नये, कुणी काळजी घेऊन ठेवू शकतो वगैरे, आणि त्या गटांवर इजिप्तच्या मुफ्तींचं मत घेतलेलं आहे. त्यातच म्हटलंय की रमझानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरकडे जाऊन तपासणी करावी, आणि कुणी रोजा ठेवलाच तर शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की त्याच क्षणी रोजा सोडायचा, मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, दहा मिनिटं राहिली असली तरी. आणि ऐक, खूप अम्म्या रोज्यात बोट टोचून शुगर बघत नाहीत, रक्त निघालं की रोजा तुटेल म्हणून. नाही तुटत. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह (इस्लामी कायदाशास्त्र) अकादमीने १९९७ मध्येच ठराव केलाय की तपासणीसाठी रक्त काढल्याने किंवा साध्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, सलाईनसारखं पोषण देणारं असेल तर गोष्ट वेगळी. इन्सुलिन पण त्यातच आलं. हे माहीत नसल्यामुळे किती घरांत दुपारी तीनला बाई गप्प पडून राहते आणि सगळ्यांना वाटतं झोपलीय.

आता तुझ्या रागाकडे येते.

तू विचारलंस मध्ये हे लोक आले कुठून. मला ह्या प्रश्नावर एक हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आठवते, अबू दाऊदच्या संग्रहात आहे, हजरत जाबिर (र.) सांगतात. काही सहाबी (प्रेषितांचे सोबती) प्रवासात होते, एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. रात्री त्याला आंघोळ वाजिब (बंधनकारक) झाली. त्याने सोबतच्यांना विचारलं, मला तयम्मुमची (पाण्याऐवजी मातीने शुद्ध होण्याची) सूट आहे का? ते म्हणाले नाही, पाणी आहे ना, मग सूट कशी. त्याने आंघोळ केली आणि तो मेला. परत आल्यावर प्रेषितांना (स.) हे कळलं तेव्हा ते म्हणाले, त्यांनी त्याला मारलं. माहीत नव्हतं तर विचारलं का नाही? अज्ञानाचा इलाज विचारणं हाच आहे.

ही हदीस मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता, अजूनही येतो. बघ, ते लोक वाईट नव्हते, त्यांनी खोटं पण नाही सांगितलं, पाणी असताना तयम्मुम नसतो हा नियम त्यांना पाठ होता. फक्त समोरच्या माणसाच्या डोक्यावर जखम आहे हे त्यांनी हिशोबातच घेतलं नाही. आणि प्रेषितांनी (स.) त्यासाठी "मारलं" हा शब्द वापरला. तुझ्या भावाच्या क्लिपमध्ये नेमकं हेच होतंय. ते वक्ते कदाचित अशा तरुणांबद्दल बोलत असतील जे धडधाकट असून डोकं दुखतं म्हणून रोजा सोडतात, असतील, मला माहीत नाही, पण ती क्लिप ४० सेकंदांची कापून तुमच्या घरात आली आणि १४ वर्षांपासून डायबेटिस असलेल्या बाईसमोर ठेवली गेली, तिची शुगर किती, इन्सुलिन किती, गेल्या वर्षी काय झालं, काही न विचारता.

तर माझं म्हणणं इतकंच आहे की आलिमचं काम हे आहे: नियम आणि जखम, दोन्ही एका वेळी बघणं. किताबातला मजकूर तर आता सगळ्यांच्याच खिशात आहे. तो ह्या माणसाला, आज, ह्या हालतीत कसा लागू होतो हे सांगायला शिकलेलं माणूस लागतं, आणि ते माणूस समोर बसून आपल्याला उलट प्रश्न विचारणारं लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझे शोहर गेले तेव्हा मी ३४ ची होते, दोन मुलं, इद्दतचे (नवरा गेल्यावर बाईने पाळायच्या मुदतीचे) चार महिने दहा दिवस. कुणीतरी एका वाइझ (प्रवचन करणाऱ्या) साहेबांना फोन लावला, त्यांनी सरळ सांगितलं, घराबाहेर पाऊल नाही. बास. मी नोकरी करत होते, सुट्टी संपत आली होती, घरात दुसरी कमाई नव्हती, आणि मी रात्र रात्र रडत बसायचे की नोकरी ठेवली तर गुनाह आणि सोडली तर मुलांचं काय. मग माझ्या फुफूने मला एका म्हाताऱ्या मुफ्ती साहेबांकडे नेलं. त्यांनी उत्तर देण्याआधी मला पाच-सहा प्रश्न विचारले. घरात कमावणारं दुसरं कोण आहे? काम दिवसाचं का रात्रीचं? अंधार पडायच्या आत घरी येता का? मुलं किती लहान? आणि मग शांतपणे म्हणाले, बेटी, शोहर गेलेल्या बाईला रोजीसाठी दिवसा बाहेर जायची इजाजत हनफी फिकहमध्ये (सुन्नींच्या चार परंपरांपैकी एक) पहिल्यापासून आहे, रात्र घरी काढायची, जा कामावर. ही सूट शेकडो वर्षं लिहिलेली होती! त्या पहिल्या माणसाला ती माहीत नव्हती का विचारावंसं वाटलं नाही कोण जाणे, पण माझ्या आयुष्यातले तीन आठवडे त्याने नरक केले. म्हणून तुझा राग मला समजतो. आणि त्याच तीन आठवड्यांमुळे मी तुला असं म्हणू शकत नाही की उलेमांना सोड, कारण मला बाहेर काढणारा पण एक आलिमच होता.

तू म्हणशील भाषांतर आहे ना घरात. आहे, आणि वाचायलाच पाहिजे, मीच तुला आयती काढायला सांगितल्या. पण कजा का फिदया, इद्दतमध्ये बाहेर जायचं का नाही, वारसात कुणाला किती, इथे नुसतं भाषांतर पुरत नाही गं, जसं औषधाच्या डब्यातला कागद वाचून डोस ठरत नाही.

उलेमांनी उशीर केला नाही असं मी म्हणणार नाही. केला, आणि त्याची किंमत लोकांनी दिली. युरोपात छपाई १५ व्या शतकाच्या मध्यात सुरू झाली आणि इस्तंबूलमध्ये तुर्की पुस्तकं अरबी लिपीत छापायची परवानगी मिळाली १७२७ मध्ये, शेखुल इस्लामच्या (सल्तनतीच्या सर्वोच्च मुफ्तींच्या) फतव्यासकट, ती पण दीनी किताबं सोडून. पावणेतीनशे वर्षं गेली मध्ये (त्यात दोष नुसता उलेमांचा नव्हता, सुलतान होते, हाताने नकला करणाऱ्यांची रोजी होती, पण उलेमा पुढे झाले असते तर चित्र वेगळं असतं असं मला तरी वाटतं). कॉफीचं पण तसंच, १५११ मध्ये मक्केत कॉफीवर बंदी घातली गेली होती, आणि नंतर ती उठली.

पण ह्याच वर्गाने रस्ते पण काढलेत, आणि ते कसे काढले हे तू बघावंस असं मला मनापासून वाटतं. हनफी फिकहमध्ये नवरा बेपत्ता झाला तर बायकोने थांबायची मुदत जवळपास आयुष्यभराची होती, त्याच्या वयाचे लोक मरेपर्यंत. ब्रिटिश काळात हिंदुस्तानात अशा अडकलेल्या बायका निकाह तुटावा म्हणून चक्क इस्लाम सोडल्याचं जाहीर करायला लागल्या, दुसरा मार्गच नव्हता. मौलाना अशरफ अली थानवी हे पक्के हनफी, परंपरेतले, कुणी त्यांना मॉडर्न म्हणणार नाही. त्यांनी १९३० च्या दशकात ह्यावर पूर्ण किताब लिहिली, मदिनेच्या मालिकी (म्हणजे दुसऱ्या परंपरेच्या) उलेमांना पत्रं लिहून त्यांची मतं मागवली, आणि मालिकी मजहबमधली चार वर्षांची मुदत उचलली. १९३९ मध्ये मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला त्यामागे ह्या कामाचा मोठा हात होता, आणि बेपत्ता नवऱ्याची चार वर्षं आजही त्या कायद्यात आहेत. विचार कर, हे कुणी बाहेरून लादलं असतं तर किती घरांनी मानलं असतं? एका आलिमने आपल्याच किताबांतून काढलं म्हणून ते टिकलं. पण त्याला किती बायकांचं आयुष्य जावं लागलं, हे पण विसरून चालणार नाही.

इमाम शाफईंचंच बघ. बगदादमध्ये होते तेव्हाची मतं वेगळी आणि इजिप्तमध्ये गेल्यावरची वेगळी, जुनं मत आणि नवं मत अशी दोन्ही आजही शिकवतात. ८२० मध्ये गेले ते. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी एक माणूस ऐन उमेदीत जाहीरपणे म्हणतो की मी आधी असं म्हणत होतो आता असं म्हणतो, आणि लोक त्यांना इमाम म्हणतात. आज एखाद्या चॅनलवाल्याने आपलं मत बदललं तर सबस्क्राईबर सोडून जातील म्हणून तो बदलतच नाही.

आणि ह्या काळातले प्रश्न तर एकट्या आलिमच्या आवाक्यातले राहिलेच नाहीत. व्हेंटिलेटरवरचा माणूस मेला कधी म्हणायचं, मेंदू बंद पडला तेव्हा का हृदय, ह्यावर त्याच फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मानला डॉक्टरांना समोर बसवून ठराव केला. जो आलिम म्हणतो डॉक्टरचं मला सांगू नका, तो त्या जखमेवाल्याच्या सोबत्यांमधलाच आहे असं समज.

आता भाऊ म्हणतो ते, इमाम साहेब पगारावरचे. बेटा, तो चूक बोलत नाहीये, म्हणजे पूर्ण चूक नाही. सत्तेचा किंवा पैशाचा धागा उलेमांना बांधू शकतो ही भीती आपल्याकडे फार जुनी आहे. इमाम अबू हनिफांनी खलिफा मन्सूरने दिलेलं काझीपद नाकारलं आणि ७६७ मध्ये ते कैदेत वारले असं सांगतात. इमाम अहमद बिन हंबल यांना खलिफाच्या मनासारखं बोलत नाहीत म्हणून चाबकाचे फटके खावे लागले. पूर्वी मदरसे, मशिदी वक्फच्या उत्पन्नावर चालायच्या म्हणून आलिमचा कणा थोडा तरी ताठ असायचा, मग १९ व्या शतकात इजिप्तसारख्या ठिकाणी वक्फच्या जमिनी सरकारने घेतल्या, १९६१ मध्ये अल अझहर सारखं हजार वर्षांचं विद्यापीठ कायद्याने सरकारच्या ताब्यात आलं, तुर्कीत तर १९२४ पासून इमाम सरकारी खात्याचेच. बाकी ठिकाणी इमाम कमिटीच्या तोंडाकडे बघतात, आणि पगार किती तुटपुंजा असतो हे तू तुझ्या इमाम साहेबांना कधी विचारून बघ, पाच वेळची नमाज, मुलांचे सबक, रात्री दोनला मय्यत, आणि वर समाज म्हणतो मौलवी मागासलेले. ज्यांच्याकडून आपण जन्मापासून कफनापर्यंत सगळं करून घेतो त्यांना नीट जगता येईल इतकं आपण देत नाही, हे आपलं पाप आहे, मला ह्याची खरंच लाज वाटते.

पण मग भावाला हे पण विचार की त्याच्या वक्त्यांना पैसे कुठून येतात. व्ह्यूजमधून. आणि व्ह्यूज कशाला येतात? सगळे मौलाना विकले गेलेत, तुमचे आईबाप गाफिल आहेत, अमुक केलं की जहन्नम, अशा आवाजाला येतात. "आजारी माणसाने आपल्या हकीमला आणि मुफ्तीला विचारावं, प्रत्येकाचं वेगळं असतं" ह्या वाक्याला कोण बघतंय. कमिटीवर अवलंबून असलेला इमाम निदान तुझ्या अम्मीला नावाने ओळखतो, ती दवाखान्यात होती तेव्हा तो दुआ करत होता. चॅनलवर अवलंबून असलेल्या माणसाला ती मेली तरी कळणार नाही.

ऐकायचं कुणाचं, हे तू विचारलंस. आपण सगळ्यांनाच मौलाना म्हणतो तिथून घोळ सुरू होतो. हाफिज म्हणजे कुरआन पाठ असलेला, ती मोठी नेमत आहे पण त्याचा अर्थ तो मसले (दीनच्या नियमांचे प्रश्न) सांगू शकतो असा नाही. इमाम नमाज पढवतो, तो आलिम असेलच असं नाही, असतो पण कित्येकदा. वाइझ, खतीब म्हणजे बोलणारा, आणि बोलायची कला वेगळी, इल्म वेगळं. आलिम म्हणजे ज्याने दर्से निजामीसारखा कोर्स केलाय, साधारण आठ वर्षांचा, तफसीर, हदीस, फिकह, अरबी व्याकरण सगळं. आणि मुफ्ती त्याच्या पण पुढे जाऊन फतवा द्यायला वेगळं शिकलेला, कुणा जुन्या मुफ्तीच्या हाताखाली बसून. जसं एमबीबीएस आणि हार्टचा डॉक्टर. तुम्ही हार्टचं दुखणं केमिस्टला दाखवत नाही ना. आणि फतवा हा शब्द ऐकून घाबरू पण नकोस, टीव्हीने त्याचं भूत करून ठेवलंय. फतवा म्हणजे विचारणाऱ्याला दिलेलं मत. काझीचा निकाल बांधून घालतो, मुफ्तीचा फतवा सल्ला असतो, तू दुसऱ्या मुफ्तीला पण विचारू शकतेस, फक्त आपल्याला हवं ते उत्तर मिळेपर्यंत दुकानं बदलत फिरायचं नाही एवढं.

माझी स्वतःची कसोटी मी त्या म्हाताऱ्या मुफ्ती साहेबांकडून शिकले: जो उत्तर द्यायच्या आधी मला विचारतो, त्याच्याकडे मी परत जाते. आणि ज्याला "मला माहीत नाही" म्हणता येतं. इमाम मालिकांचा मशहूर किस्सा आहे, त्यांना ४८ मसले विचारले गेले आणि त्यातल्या ३२ ला ते म्हणाले, माहीत नाही. मदिनेचे इमाम! तिसरं, त्याने कुणाकडून शिकलं हे तो सांगू शकतो का. इब्ने सिरीन म्हणायचे की हे इल्म म्हणजेच तुमचा दीन आहे, तर तो कुणाकडून घेताय ते बघा. म्हणूनच मी तुला फिदयाचा आकडा सांगितला नाही. मी सल्ला देणारी बाई आहे, मुफ्ती नाही, आणि मला अम्मीच्या फाईलमधलं काही माहीत नाही.

अजून एक, अम्मीला कदाचित एखाद्या पुरुषासमोर बसून आपल्या शरीराबद्दल बोलायला जड जात असेल, खूप बायका ह्यामुळेच विचारत नाहीत आणि मग मुलाच्या मोबाईलमध्ये जे येईल ते मानतात. जवळपास शिकलेली आलिमा असेल तर तिच्याकडे ने. बाई आलिमा ही काही नवी गोष्ट नाहीये, हजरत आयेशांनी (र.) मोठमोठ्या सहाबींच्या चुका दुरुस्त केल्यात, त्यांच्यानंतर हजारो बायकांनी हदीस शिकवलीय, पुरुषांना पण. मधल्या काळात आपण ते बंद करून टाकलं आणि आता हळूहळू परत सुरू होतंय. मोरोक्कोत २००६ पासून मुर्शिदा, म्हणजे दीनचं मार्गदर्शन करणाऱ्या बायका, तयार होतायत. इंडोनेशियात २०१७ मध्ये चिरेबोनला बायका उलेमांची परिषद भरली, त्यांनी लहान मुलींच्या लग्नाविरुद्ध फतवा दिला, आणि २०१९ मध्ये तिथल्या कायद्यात मुलीच्या लग्नाचं वय १६ वरून १९ झालं, कोर्टात लढणाऱ्यांचे कष्ट पण त्यात होतेच, पण फतव्याने लोकांच्या मनातली अडचण मोकळी केली. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की काय सांगू. माझ्या इद्दतमध्ये मला एखादी आलिमा भेटली असती तर ते तीन आठवडे तीन तासांत संपले असते.

अब्बांचं म्हणशील तर, त्यांचा अदब खरा आहे, त्याला धक्का लावू नकोस. फक्त त्यांना ती जखमेवाली हदीस ऐकव. मौलानांच्या गोष्टीत बोलू नये ठीक, पण विचारावं असं तर प्रेषितांनीच (स.) सांगितलंय, आणि घरातला कर्ता माणूस गप्प बसला तर २० वर्षांचं पोर निर्णय घेतं, हेच होतंय तुमच्याकडे.

भावावर मात्र ओरडू नकोस गं. २० वर्षांच्या मुलाला दीनची भूक लागलीय ही वाईट गोष्ट नाहीये, आणि खरं सांगू, त्याला जे प्रश्न पडतात ते घेऊन तो मशिदीत गेला असता तर तिथे त्याच्याशी बसून बोलायला कुणाला वेळ होता का? बहुतेक ठिकाणी नसतो. तिथे उलेमा कमी पडतायत, साफ कमी पडतायत. मुलं व्याज, नोकरी, प्रेम, डिप्रेशन, शंका असं सगळं घेऊन येतात आणि त्यांना मिळतं काय, तौबा तौबा असा चेहरा. मग ते मोबाईलकडे वळतात, तिथे निदान कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलतं. ती पोकळी किती धोकादायक होऊ शकते हे जगाने बघितलंय, २०१४ मध्ये इसिसच्या बगदादीला १२६ उलेमांनी उघडं पत्र लिहिलं होतं, आणि त्यातला पहिलाच मुद्दा हा होता की पुरेसं इल्म नसताना फतवा देणं इस्लाममध्ये मना आहे. तुझा भाऊ त्या वाटेवर आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे त्याला वाचून पण दाखवू नकोस, उगाच दुखावेल. फक्त त्याला एकच विचार, भांडणाच्या आवाजात नाही: तुझ्या उस्तादांना अम्मीची शुगर माहीत आहे का? आणि म्हण, चल, आपण दोघं तिला घेऊन जाऊ, जे प्रश्न तुला विचारायचेत ते तूच विचार. त्याला सोबत नेणं फार गरजेचं आहे, त्याच्या माघारी आणलेला फतवा तो मानणार नाही.

जाताना अम्मीची फाईल घ्या, गेल्या वर्षीचं डिस्चार्जचं कार्ड घ्या, आणि डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या की रोजा ठेवला तर काय होऊ शकतं, साध्या भाषेत. फोनवर विचारू नका, आणि तू अम्मीच्या वतीने बोलू नकोस, तिलाच बोलू दे. कारण मला तुझ्या पत्रातून असं वाटलं, चुकत असेन तर माफ कर, की अम्मीला मसला माहीत नाही असं नाहीये. तिला भीती वाटतेय की सगळं घर रोज्यात असताना ती एकटी खाणार, आणि मुलगा तिच्याकडे कसा बघेल. चाळीस-पंचेचाळीस रमझान जिने सगळ्यांना सहरीला उठवलं तिला आता वाटतंय की आपण बाहेर फेकलो गेलो. हे दुःख फतव्याने जात नाही. तिला सहरीला उठवू दे, तरावीह (रमझानमधली रात्रीची नमाज) जमेल तेवढी बसून पढू दे, फिदयाचं जेवण तिच्या हाताने जाऊ दे, आणि ते पोहोचवायला भावाला पाठव.

मुफ्ती साहेबांनी अम्मीला काय काय विचारलं ते मला कळव.